खोडून फाटलेलं पान

काल रात्री नववीच्या वह्या तपासत होते, एका वहीतलं एक पान खोडून खोडून चक्क फाटलेलं. गणित काय तर (अ + ब)² चा विस्तार. आधी अ² + ब² लिहिलं असणार, ठसे दिसत होते, मग खोडून २अब घुसडलंय, मग तेही खोडलंय. आणि बाजूला माझंच लाल अक्षर, मागच्या आठवड्यातलं: सूत्र पाठ कर. वाईट वाटलं. ही मुलगी वर्गात मी जवळ गेले की वहीवर हात आडवा धरून बसते, आणि मी समजत होते अभ्यासाचा कंटाळा आहे.

आपण किती पटकन म्हणून टाकतो ना, मुलांना गणित आवडतच नाही. मला हल्ली वाटतं आवडीनिवडीपर्यंत गोष्ट पोचतच नाही, त्याआधीच भीती आडवी येते, आणि ती गणिताची कमी, सगळ्यांसमोर चुकण्याची जास्त. २०१२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत १५ वर्षांच्या मुलांना हे विचारलं होतं, ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटातली ५९ टक्के मुलं म्हणाली की गणिताचा तास अवघड जाईल याची बऱ्याचदा काळजी वाटते आणि ३० टक्के म्हणाली गणित सोडवताना हतबल वाटतं. दहातली तीन! वाचताना माझ्या वर्गातले मागचे बाक डोळ्यासमोर आले.

आणि ही भीती नुसती मनात राहत नाही, डोक्यात हातचा धरून ठेवायला जी जागा लागते तीच ती अडवून बसते. म्हणून घरी धडाधड गणितं सोडवणारं पोरगं फळ्यापाशी आलं की एकदम ब्लँक होतं आणि आपण म्हणतो, काही केलेलं दिसत नाही.

मरियम मिर्झाखानी, २०१४ ला फील्ड्स मेडल हा गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळालेली पहिली स्त्री, तिचंसुद्धा शाळेत एक वर्ष गणितातलं मन उडालं होतं कारण त्या वर्षीच्या शिक्षकांना ती काही विशेष वाटली नव्हती, पुढच्या वर्षी धीर देणारे शिक्षक मिळाले आणि परत सगळं जमायला लागलं. हे आठवलं की मला आपल्या एकेका शेऱ्याची धास्तीच वाटते.

तर आज मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. सूत्राचं नावच काढलं नाही. आलेखाच्या कागदावर ५ चौकटी बाजूचा चौरस काढायला लावला, बाजूचे २ आणि ३ असे भाग पाडून आडवी-उभी रेघ मारायला सांगितली. एका कोपऱ्यात ४ चौकटी, समोरच्या कोपऱ्यात ९, झाल्या १३. "पण सगळ्या तर २५ आहेत," ती म्हणाली, मग पेन्सिलीचं टोक टेकवत उरलेल्या मोजल्या, १२. दोन आयत, सहा-सहाचे. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, हेच का ते २अब?"

मी नुसती मान हलवली. हात वहीवरून कधी निघाला ते तिलाही कळलं नसेल.

घंटा झाली तरी रेंगाळली, दारापर्यंत जाऊन परत आली, म्हणे, "मग घनाचं पण असंच कापता येतं का?" येतं की, आठ तुकडे होतात. उद्या साबणाची वडी घेऊन जाणार आहे, कापायला तिलाच सांगेन.