मध्यरात्रीनंतरचा मेल
२०१३ ला अमेरिकेची आरोग्य विम्याची सरकारी हेल्थकेअर डॉट गव्ह साईट पहिल्याच दिवशी झोपली आणि त्या फजितीतनं पुढच्या वर्षी यूएस डिजिटल सर्व्हिस निघाली, प्रायव्हेटमधला जास्त पगार सोडून लोकं सरकारी वेबसाईटी नीट करायला आले. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्पनं तिचंच नाव बदलून डोज (DOGE, सरकारी खर्च कापायचं खातं) केलं! फेब्रुवारीत आधी चाळीसेक जणांना नारळ, मग २१ जणांनी एकत्र राजीनामे दिले, म्हणाले आमचं कसब सरकारी सिस्टिमी मोडायला वापरणार नाही. (होम लोन डोक्यावर असताना मला जमलं असतं? शंकाच आहे.) चारच दिवसांनी एटीन-एफ नावाची दुसरी सरकारी टेक टीम, तिला तर शुक्रवारी मध्यरात्र उलटल्यावर कामावरून काढल्याचा मेल, सकाळी उठून बघतात तर लॅपटॉपच बंद.