वीस मायक्रॉन

गुरुवार, रात्री पावणेबारा

दोन दिवस झाले, जावास्क्रिप्ट माझी शिम रिजेक्ट करतंय. जावास्क्रिप्ट म्हणजे मी शिकतेय ती वेबपानांची प्रोग्रामिंग भाषा; शिम म्हणजे फट भरायची पातळ पट्टी.

भोसरीत कारखान्यात बारा वर्षं क्वालिटीत काढली. पार्ट मोजायचा, बरा असेल तर पुढे, नाहीतर लाल बिनमध्ये. त्यामुळे स्वतःचं पहिलं काही बनवायचं ठरलं तेव्हा इन्स्पेक्शनचंच वेबपान घेतलं. (शिकवणीतलं ते 'कामांची यादी' करून विटले होते. माझी यादी फ्रिजवर चिकटवलेली आहे, ती पुरे.) दोन शिमची जाडी मिलिमीटरमध्ये टाकायची, बेरीज ०.३ आली तर हिरवं, नाहीतर लाल. ०.१ आणि ०.२ टाकले. लाल!

काल रात्रभर स्पेलिंग तपासलं. आज मेट्रोत नाशिक फाट्यापासून स्वारगेटपर्यंत डोक्यात तेच. जेवणं आटोपल्यावर बेरीज कन्सोलमध्ये (ब्राउझरमधली तपासणीची खिडकी) छापून बघितली: ०.३०००००००००००००००४. एवढ्याशा फरकासाठी माझी शिम बाद! अणूसुद्धा याच्यापुढे डोंगर. आमच्या मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सर्वांत लहान माप, ०.०१, आम्हाला हे कधी दिसायचं?

शेवटी हिंजवडीला भाऊजींना फोन लावला.

"वहिनी, हे सगळ्यांना एकदा चावतं," ते हसले. "एक भागिले तीन दशांशात लिहा बरं."

"०.३३३... संपतच नाही."

"संगणक दोनच्या घातांत मोजतो. त्याला ०.१ तसाच, न संपणारा. मग तो कुठेतरी कापतो. म्हणून तीन बरोबरची चिन्हं टाकून तुलना करायची नाही. फरक काढायचा आणि तो अगदी थोडा असेल तर चालवून घ्यायचं."

"म्हणजे टॉलरन्स."

क्षणभर ते गप्प. "हो, तेच की."

"किती ठेवू?"

त्यांनी जावास्क्रिप्टमधलाच एक तयार बारीक आकडा सांगितला, एप्सिलॉन. मला पटलं नाही. टॉलरन्स ड्रॉइंग ठरवतं, भाषा कोण ठरवणार? आमच्या ड्रॉइंगवर नुसतं ०.३ कधीच नसतं, ०.३ ± ०.०२ असतं. तसं म्हटल्यावर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, तुम्हीच लिहा."

क्लासच्या चौकशीला गेले होते तेव्हा टेबलामागचा मुलगा मेकॅनिकल डिप्लोमा ऐकून म्हणाला होता, "मॅडम, तुम्हाला शून्यापासून सुरुवात करावी लागेल." फी मात्र शून्यापासून नव्हती. मी तो क्लास लावलाच नाही, मोझिलाच्या एमडीएन या वेब शिकवणाऱ्या साइटवर फुकट वाचते. इंग्रजीला अडखळते, पण चालतंय. फ्रेशरचा पगार माझ्या आजच्या पगाराहून कमी असेल हेही ठाऊक आहे. तो हिशेब आज नको.

तर, फरक ०.०२ किंवा त्याहून कमी असेल तर हिरवं. ०.३ टाकलं, हिरवं. ०.३१, हिरवं. ०.३३, लाल. छान. मग सवयीने काठावरचं माप टाकलं, ०.३२. मशीनवरची पोरं नेमकी काठावरच भांडतात, "ताई, लिमिटमध्येच आहे की!" आणि खरंच असतं.

लाल.

कन्सोल म्हणालं, ०.३२ वजा ०.३ म्हणजे ०.०२००००००००००००००१८. आता भाऊजींना परत उठवायचं नव्हतं. चहा टाकला. सासूबाई आतून ओरडल्या, "या वेळेला कसला चहा गं?" आणि चहा उतू जाताजाता एक गोष्ट आठवली: ही टॉलरन्स आम्ही बोलताना ०.०२ मिलिमीटर म्हणतच नाही, 'वीस मायक्रॉन' म्हणतो. ३००, ३२०, वीस. दशांशचिन्हच नाही, मग ते कापणार काय?

सगळे खोके मायक्रॉनमध्ये केले. ३२० टाकलं, हिरवं. ३२१ टाकलं, लाल. २८० टाकलं, हिरवं.

२७९ बघायचं राहिलंय. साडेआठची शिफ्ट आहे, पण तेवढं टाकूनच झोपते.