सिडनीतली बारावी आणि दशांशाचं भांडण

सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये बारावीला एचएससीच म्हणतात, आणि सासूबाईंचा घोळ तिथेच झाला. साताऱ्याहून दर रविवारी फोन यायचा, "अगं, किती टक्के पडले?" टक्के मला पाठ होते, पण ते शेवटपर्यंत टिकणारे नव्हते. हे त्यांना कसं समजावणार?

इथे अंतिम गुणांपैकी निम्मे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लेखी परीक्षेचे आणि निम्मे शाळेने वर्षभरात दिलेले. आपल्याकडे शाळेच्या हातातले मार्क म्हणजे देवळातला प्रसाद, ओंजळ पुढे केली की मिळतोच. इथेही शाळा मुठी भरून वाटतील म्हणून परीक्षा घेणारी संस्था, नेसा, शाळेचे आकडे जसेच्या तसे घेत नाही. त्यांतून दोनच गोष्टी उचलते: कोण कोणाच्या पुढे आणि किती अंतराने. मग त्या शाळेच्या मुलांनी लेखी परीक्षेत मिळवलेल्या गुणांवर ही रांग बसवते.

समजा, एका शाळेत फिजिक्सच्या पेपरात सर्वांत जास्त ९४ पडले, आणि ते वर्षभर आठव्या नंबरावर असलेल्या मुलीला. पेपरच्या निम्म्यात तिचे ९४ तिचेच. पण शाळेच्या निम्म्यात ९४ मिळतात ते वर्षभर पहिल्या असलेल्याला! वर्गाची सरासरीही पेपरच्या सरासरीशी जुळवतात. हे मला कळायला दोन पालकसभा आणि चिरंजीवांची एक वैतागलेली संध्याकाळ लागली.

तेव्हा नंबर महत्त्वाचा, आणि नंबर आला की दशांश आलाच. बारावीला एका विषयात जास्तीत जास्त चारच मूल्यमापनं घेता येतात. आमच्या मुलाच्या फिजिक्सची २०, २५, २५ आणि ३० गुणांची होती. त्याचे गुण १५.६, २०.४, १९.४ आणि २६, म्हणजे ८१.४. त्याच्या जिवलग मित्राचे १५.५, २०.५, १८.५ आणि २६.५, म्हणजे बरोबर ८१. आमचा पुढे. पण शाळेच्या रिपोर्टात प्रत्येक आकडा आधीच पूर्णांकात आणून बेरीज केलेली. आमच्याचे १६, २०, १९, २६ मिळून ८१. मित्राचे १६, २१, १९, २७ मिळून ८३! चारही वेळा अर्धा मार्क त्याच्या पदरात पडला, आमच्याचा दोनदा ०.४ कापला गेला.

दोघं आमच्याच डायनिंग टेबलावर कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. चूक मित्रानेच शोधली, हे मुद्दाम सांगते. (माझ्या बारावीत मी असं काही शोधलं असतं तर गप्प बसले असते, खोटं कशाला बोलू.) दुसऱ्या दिवशी दोघंही सरांकडे गेले. सर म्हणाले, रिपोर्ट हा फक्त रिपोर्ट. अंतिम यादीत दशांश शेवटपर्यंत ठेवतो आणि एकदाच पूर्णांक करतो. तसं केलं की दोघंही ८१. म्हणजे गुण तेच आणि रीत बदलली की एकदा हा पुढे, एकदा तो, एकदा दोघं बरोबर.

या पद्धतीचा स्वभाव मला अजून नीट कळलेला नाही. नंबरासाठी मुलं एकमेकांच्या मागे लागतात, आणि तरीही कच्च्या मुलाचा पेपर चांगला गेला तर वर्गाची सरासरी वर जाते नि त्याचा फायदा पुढच्यांनाही होतो. म्हणून परीक्षेआधी हुशार पोरं नोट्स वाटत फिरताना दिसली. प्रेम किती, हिशेब किती, देव जाणे.

यावर आणखी एटार आहे. इंग्रजी आणि बाकीचे सर्वांत चांगले गेलेले विषय मिळून राज्यातलं स्थान सांगणारा हा आकडा ०.०५च्या पायऱ्यांनी चढतो आणि ९९.९५ला थांबतो. १०० कुणालाच नाही. विद्यापीठं प्रवेशासाठी मुख्यतः तोच बघतात. शाळांची क्रमवारी मात्र वर्तमानपत्रं ९० किंवा त्याहून जास्त गुणांच्या निकालांवरून लावतात, त्यामुळे ८९ आणि ९० यांमधल्या एका मार्कासाठी मुख्याध्यापकांचाही जीव वरखाली होत असावा.

शेवटचा पेपर झाल्यावर शाळेतले नंबर ऑनलाइन दिसतात. फिजिक्समध्ये दोघंही तिसरे. त्याच रात्री सासूबाईंना फोन लावला.

"दोघं तिसरे? मग चौथा कोण?"

"चौथा नाही, आई. त्यानंतर थेट पाचवा."

क्षणभर पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "म्हणजे कुणाचं तरी पोर चौथं आलं असतं, त्याचा नंबर बुडवलात की गं!"