कोकणाचं पुढचं दार

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाणारा माणूस दर वेळी परसदारातून आत शिरतो, असं माझं ठाम मत आहे. या किनाऱ्यावरच्या जुन्या गावांची तोंडं पाण्याकडे आहेत. दाभोळच घ्या. बहामनी काळातलं हे नावाजलेलं बंदर, 1508 च्या अखेरीस पोर्तुगीजांनी जाळलं. दापोलीहून रस्त्याने उतरलात तर चार दुकानं, एक वळण आणि आलं दाभोळ! पण धोपाव्याहून फेरीबोटीने वाशिष्ठी ओलांडा. माडांच्या आडून आदिलशाही मशिदीचा घुमट वर येतो आणि इथे जहाजं का लागत असतील ते कुणी सांगावं लागत नाही.

फेरीबोट बघायलाही मजा. "घ्या मागं, घ्या, घ्या... बास!" करत खलाशी गाड्या अशा खेटून लावतो की दार उघडायची सोय नाही. आरसे मिटायचे, उरल्या फटीत मोटारसायकली. नाहीतर चिपळूणचा वळसा आहेच.

किल्ल्यांचं तर सगळंच पाण्यावरून. राजापुरीच्या धक्क्यावरून जंजिरा हाकेच्या अंतरावर वाटतो, पण त्याचा दरवाजा काही दिसत नाही. दिसतात ते नुसते बुरूज. शिडाची होडी अगदी जवळ गेली की दोन बुरुजांच्या मधून तो एकदम समोर येतो. आत भिंतीवर पंजात हत्ती धरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक पशू, कोरलेला. एवढ्याशा पाण्याने शिवाजी महाराजांना हा किल्ला मिळू दिला नाही. त्यांनी जवळच पद्मदुर्ग उभा केला. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये खाडीत भराव घालायचा प्रयत्न केला. ही हकिगत पुस्तकात वाचताना पटत नाही. होडी पायरीपाशी वरखाली होत असते, नावाडी दंड धरून "आता टाका पाय!" म्हणतो आणि आपण लाटेकडे बघत तसेच उभे राहतो, तेव्हा लगेच पटते. इथे तोफा चालू असताना शिड्या लावायच्या होत्या!

आगबोटींच्या आठवणींनी मात्र मी फारसा गहिवरत नाही. आगबोट खोल पाण्यात थांबायची आणि ट्रंका, पोरंबाळं, आंब्याच्या पेट्या सगळं पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरवावं लागायचं. प्रत्यक्ष प्रवास केलेली म्हातारी माणसं आधी बोट किती लागली ते सांगतात. समुद्राच्या सौंदर्याबद्दल बोलतात ते बहुतेक आमच्यासारखे, ज्यांनी ती बोट पाहिलेलीच नाही. 17 जुलै 1947 ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. अलिबागकडे ते अजून विसरलेले नाहीत.

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी खाड्यांवर पूल होणार आहेत. व्हायलाच हवेत. रात्री पोटात दुखायला लागलेल्या माणसाला सकाळच्या पहिल्या फेरीची वाट बघायला लावून मी निसर्ग कसला बघणार? पण तोवर धोपाव्याच्या रांगेत गाडी लावलीत, तर बोटीवर चढवायच्या आधीच खाली उतरा आणि चालत जाऊन पुढच्या कठड्याशी उभे राहा. एसी लावून गाडीत बसलात तर समोरच्या टेम्पोच्या पाठीवरचं 'आई एकवीरा प्रसन्न' तेवढं वाचून होतं.