प्रायमल कसे अवतरतात, हे मला लढता लढता कळलं

‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन गेमच्या जगात देवाला बोलवायचं तर दोन गोष्टी लागतात: क्रिस्टलचा मोठा साठा आणि जीव तोडून केलेली प्रार्थना. क्रिस्टलमध्ये एथर असतो, त्या जगाची प्राणशक्तीच म्हणा. भक्तांच्या मनात देवाचं जे रूप असेल, त्या रूपात हा एथर उभा राहतो. अशा देवाला तिथे ‘प्रायमल’ म्हणतात. तो जितका वेळ राहील तितका वेळ आजूबाजूच्या जमिनीतला एथर ओढत राहतो, म्हणून त्याला मारावं लागतं. आणि मारला तरी क्रिस्टल आणि भक्त शिल्लक असले की पुन्हा येतो.

नियम एवढाच आहे. पण तो पोटात उतरायला मला कथेचा फार मोठा पल्ला चालावा लागला, आणि तो मी हीलर, म्हणजे साथीदारांच्या जखमा भरणारी खेळाडू म्हणून चालले. त्याबद्दल लिहिते आहे. पुढे कथेतली बरीच गुपितं उघड होतील.

गेम माझ्या धाकट्या भावाने लावून दिला. फ्री ट्रायलमध्ये लेव्हल ७० पर्यंत, म्हणजे ‘स्टॉर्मब्लड’ या भागापर्यंतची सगळी कथा वेळेच्या मर्यादेशिवाय खेळता येते. भारतात सर्व्हर नाही, त्यामुळे स्क्रीनवर दिसतं ते किंचित उशिराच दिसतं. त्याने पहिल्याच दिवशी बजावलं, “ताई, जमिनीवर केशरी दिसलं की आधी बाजूला हो. हील नंतर.” केशरी म्हणजे तिथे वार पडणार. हा सल्ला आजही कामी येतो.

पहिला प्रायमल इफ्रिट, अमलजा जमातीचा अग्निदेव. लढाईच्या आधी एक प्रसंग आहे. पकडून आणलेल्या माणसांना इफ्रिट आपल्या ज्वाळेत न्हाऊ घालतो आणि बघता बघता ती माणसं त्याचं नाव घेऊ लागतात. याला ‘टेम्परिंग’ म्हणतात. एकदा ते झालं की माणूस जन्माचा त्या देवाचा. आपल्यावर मात्र काहीच परिणाम होत नाही, आणि इफ्रिट गोंधळतो: याच्यावर आधीच दुसऱ्या कोणाची खूण आहे की काय? मी त्या वेळी हे वाक्य वाचून पुढे गेले, कारण इफ्रिटने मैदानात रोवलेले खिळे वेळेत फोडायचे होते. ते राहिले तर ‘हेलफायर’मध्ये सगळी पार्टी भाजून निघते.

पुढचा टायटन, कोबोल्ड जमातीचा भूदेव. त्याच्यापर्यंत पोचायला आधी वाइन आणा, चीज आणा अशी मेजवानीची कामं करत हिंडावं लागतं. ती पटकन उरकावीत. टायटनची लढाई मात्र हीलरची खरी परीक्षा घेते. गोल खडकाचं मैदान, त्याच्या कडा तुटत जातात, आणि ‘लँडस्लाइड’च्या रेषेत सापडलेला खेळाडू थेट दरीत जातो. खाली गेलेल्याला उठवता येत नाही. टँकला, म्हणजे पुढे राहून मार झेलणाऱ्या खेळाडूला, सावरत असतानाच आपण कुठे उभ्या आहोत हे बघायची सवय मला इथे लागली. टायटनचं हृदय उघडं पडतं तेव्हा ते ठरलेल्या वेळात फोडलं पाहिजे, आणि तेवढा वेळ हीलरनेही हील सोडून वार करायचे असतात.

गरुडाने माझा खेळण्याचा सूरच बदलला. या गेममध्ये गरुडा ही वादळाची क्रूर देवी आहे, इक्साल जमातीची. खांबांच्या आडोशाने तिचे वार चुकवत आम्ही तिला हरवलं, आणि मग तिने कथेतल्या शत्रू साम्राज्याने पकडून आणलेल्या कोबोल्ड आणि अमलजा कैद्यांचा छळ मांडला. असह्य होऊन त्यांनी आपापल्या देवाचा धावा केला, आणि जवळच्या क्रिस्टलच्या जोरावर इफ्रिट आणि टायटन तिथेच प्रकट झाले. ना मंदिर, ना पुजारी. नुसती किंकाळी पुरली. त्या कटसीननंतर मी बराच वेळ गेम तसाच उघडा ठेवून बसले होते. तोवर मी या जमातींना शत्रू समजत होते. पण ज्याला जमिनीवरून हुसकावलंय, ज्याच्यापुढे वाट नाही, तोच इतक्या जोराने हाक मारू शकतो, हे इथे दिसलं. आणि हे आवाहन त्यांना शिकवलं होतं अ‍ॅशियन नावाच्या काळ्या झग्यातल्या मंडळींनी. श्रद्धा जमातींची, विद्या त्यांची.

पुढे यिसेल नावाची बंडखोर तरुणी भेटली. ती शिवाला स्वतःच्याच देहात बोलावते. ही शिवा म्हणजे बर्फाची देवी. फायनल फँटसीच्या मालिकेत ती १९९० च्या तिसऱ्या भागापासून बाईच्या रूपात येते, आपल्या शंकराशी तिचा नावापलीकडे संबंध नाही. यिसेलला वाटतं, प्राचीन काळची संत शिवाच आपल्यात उतरते. पण जो ड्रॅगन त्या शिवावर प्रेम करत होता, तो ह्रेस्वेल्गर तिला तोंडावर सांगतो की तू बोलावतेस ती शिवा नाही, तुझ्याच इच्छेची सावली आहे. इतकी ताठ मुलगी तिथे कोसळते. प्रायमलचा नियम मला खऱ्या अर्थाने या संवादात कळला. देव भक्ताच्या मापाचाच येतो.

‘स्टॉर्मब्लड’मधल्या लक्ष्मीपाशी मी पुन्हा थांबले. नाव आपल्या घरातलं, म्हणून आधी उत्सुकता होती. कल्याना जमातीच्या राणीची लेक डोळ्यांदेखत मारली जाते आणि आई लक्ष्मीला बोलावते, लेक परत दे म्हणून. देवी येते, देहही हलतो, पण त्यात लेक नसते. एथर देह चालवू शकतो, गेलेला जीव आणू शकत नाही. नंतरच्या लढाईत ‘व्रिल’ नावाचे तेजाचे गोळे उचलून ठेवायचे आणि तिचा मोठा वार येताना वापरायचे असतात. पार्टीला ते नीट जमलं, मी कोणाला पडू दिलं नाही. तरी जिंकल्याचा आनंद झाला नाही. ती आई चुकली असं मला आजही म्हणवत नाही.

ट्रायलमधली कथा संपल्यावर मी पुढचे भाग विकत घेतले ते हे सगळं सुरू कुठून झालं, या प्रश्नासाठी. ‘शॅडोब्रिंगर्स’मध्ये कळतं की या सगळ्याचं मूळ प्राचीन लोकांच्या निर्मितीविद्येत आहे. जग बुडायला लागल्यावर उरलेल्यांतल्या निम्म्यांनी स्वतःचा बळी देऊन झोडियार्क हा देव घडवला. आणि ज्या हायडेलिनचा आशीर्वाद घेऊन मी पहिल्यापासून लढत होते, तीही प्रायमलच. इफ्रिटचा प्रश्न तेव्हा आठवला.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो मात्र २०२० च्या डिसेंबरमधला ५.४ पॅच, म्हणजे गेममध्ये नंतर जोडलेला कथाभाग. गा बू हा कोबोल्डचा पोरगा. आईबाप गेल्याच्या दुःखात त्याच्याच हाकेने टायटन आला होता आणि तेव्हापासून तो टेम्पर झालेला होता. टेम्परिंगवर इलाज नाही, असं तोवर सगळे धरून चालले होते. कथेतली माझी सोबतीण अ‍ॅलिझे ते मानत नाही. पोर्क्सी नावाच्या छोट्या जादुई जीवाच्या मदतीने ती त्याच्यातला टायटनचा एथर सोडवते, आणि पोरगा शुद्धीवर येतो. एवढ्या लढायांत मी प्रायमल मारत आले होते. त्याच्या भक्ताला बरं करता येतं, हे पहिल्यांदा इथे बघितलं. मी हीलर निवडला होता तो असल्या कामासाठी. आता ‘एंडवॉकर’ सुरू केलं आहे, आणि त्यात हायडेलिनसमोर उभं राहायचं आहे.