पहिली मिटिंग: कोथरूड ते कॅम्प, तीन फेऱ्यांत

दारू सोडण्यासाठी एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मिटिंगला पहिल्यांदा जायचं होतं. अंतर बघायला गेलं तर काहीच नाही. आयडियल कॉलनीला मेट्रोत बसायचं, पुणे स्टेशनला उतरायचं, तिथून रिक्षाने कॅम्पात. मला मात्र तीन मंगळवार लागले. तुमचा एखादा तरी वाचावा म्हणून लिहितोय.

त्याआधी एक सांगतो. मी पहिल्यांदा शहाणपणा करून घरच्या घरी दारू एकदम बंद केली होती. दुसऱ्या रात्री हात असे थरथरायला लागले की कप धरता येईना, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, शेवटी बायकोने उचलून डॉक्टरकडे नेलं. ते जाम चिडले. रोज पिणाऱ्याने एका झटक्यात सोडली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखा बोलायला लागतो, जिवावरही बेततं. म्हणून आधी डॉक्टर, मग मिटिंग. मिटिंगमध्ये कोणी गोळी देत नाही की तपासत नाही. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट आहे. ॲडमिट व्हायचंच असेल तर येरवड्यात मुक्तांगण आहे, १९८६ पासून, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पुलं आणि सुनीताबाईंची मदत होती त्याला. बायकांसाठी त्यांचंच निशिगंध आहे. मला डॉक्टर म्हणाले, तुझं घरी राहून जमेल, गोळ्या घे आणि एए लाव. एखादा क्लास लाव म्हणावं तसं म्हणाले.

आता कोथरूड सोडून कॅम्प का, तर ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. नेटवर पत्ता मिळाला, सातची वेळ, पावसात भिजत पोचलो तर खोलीला कुलूप. यादी जुनी होती, वार बदलला होता की जागा ते सांगायला तिथं कोणी नाही. आणि खरं सांगू का, कुलूप बघून मला बरं वाटलं. येताना सरळ "बसलो". तर धडा हा, की यादीवर विसंबू नका, त्याच दिवशी दुपारी एएच्या हेल्पलाइनला फोन करून विचारा. फोन उचलणारा स्वतः यातून गेलेला असतो, त्याच्यापुढे आडपडदा ठेवायची गरज नसते. मिटिंग कुठल्या भाषेत आहे तेही विचारून घ्या, कॅम्पात इंग्लिशमधली लागली तर उगाच अवघडायला होतं. आणि ओपन आहे की क्लोज्ड ते पण. ओपनला घरचं माणूस बरोबर चालतं, क्लोज्ड फक्त ज्याला दारू सोडायचीय त्याच्यासाठी.

दुसरा मंगळवार मीच घालवला. पत्ता बरोबर, चर्चचं आवार, आत लाइट दिसतोय, आणि मी समोरच्या अमृततुल्यमध्ये. तीन चहा प्यायलो, आठला घरी.

तिसऱ्या वेळी फोनवरच्या माणसाला म्हटलं मी येतो पण आत यायची हिंमत होत नाही. तो म्हणाला, पावणेसातला गेटवर उभा राहतो, छत्री निळी आहे. हे करा, खरंच करा, कोणालातरी गेटवर बोलवा. नाही जमलं तर वॉचमनला एए वगैरे विचारू नका, त्याला कळत नाही, "मिटिंगवाले कुठं" विचारा. माझ्या वॉचमनने मान वर न करता मागच्या जिन्याकडे बोट दाखवलं.

आत पंधरा-वीस प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, पार्ले-जी. रजिस्टर नाही, आडनाव कोणी विचारत नाही, फी नाही. शेवटी एक पिशवी फिरते, दहा-वीस रुपये टाकायचे, पहिल्या दिवशी तेही नाही टाकले तरी चालतं. बोलायची सक्ती नाही, मी नुसतं नाव सांगितलं. देवाचं नाव येतं मधेमधे, मी नास्तिक आहे, मला कोणी हटकलं नाही. हे सगळं १९३५ साली अमेरिकेत एका दारुड्या शेअरबाजारवाल्याने आणि एका दारुड्या डॉक्टरने सुरू केलं हे मला तिथंच कळलं.

पण मला धक्का बसला तो हसण्याचा. एक जण सांगत होता की क्वार्टर फ्लशच्या टाकीत लपवायचो, आणि अख्खी खोली हसतेय, कारण प्रत्येकाची एकेक जागा होती. माझी गाडीची डिकी. आणि तेवढ्यात समोरच्या रांगेतला माणूस वळला तर तो आमच्या परमिट रूमचा कोपऱ्यातल्या टेबलवाला! अचानक यायचा बंद झाला होता, आम्ही तो गेला असंच धरून चाललो होतो, त्याच्या नावाने एकेक पेगही मारला होता. तीन वर्षं झाली म्हणे त्याला सोडून. तोही कोथरूडचा, तोही ओळखीचं कोणी नको म्हणून कॅम्पात आलेला.

निघताना चार-पाच नंबर मागून घ्या, लाजू नका. बायकोला अल-ॲनॉनबद्दल सांगा, ते घरच्यांसाठी असतं, तिचंही बरंच साचलेलं असतं. परतीचा रस्ता आपल्या नेहमीच्या बारवरून जात असेल तर बदला, मी एक स्टेशन आधी नळस्टॉपला उतरून चालत येतो, पाऊस असला तरी.

आज ४१ दिवस. उद्या गटारी आहे. जुन्या ग्रुपवर सकाळपासून मटणाचे फोटो पडतायत, तो म्यूट केलाय. नव्या ग्रुपवर एकच मेसेज आलाय: उद्या मिटिंग साडेसहालाच, चहा जास्त सांगितलाय, लवकर या.