शेंगांची शीग, मोहरीची शीग

आजीचा पितळी शेर अजून आमच्या बाळीवेशीतल्या घरात आहे. शेजारणीला ज्वारी उसनी देताना ती माप कधी सपाट करायची नाही. ओंजळीनं वर टोक काढत राहायची आणि दाणे कडेनं घरंगळायला लागले की हात थांबायचा. "शिगेशिवाय माप काय माप गं?" मोहरीला मात्र शीग धरायचीच नाही. बसका ढीग, निम्मे दाणे फरशीवर, आणि वेचायला मी.

परवा चटणीसाठी शेंगा आणल्या (सोलापुरात आणखी कशासाठी आणणार!) तेव्हा टरफलासकट शेर भरून पाहिला. डोंगरच उभा राहिला. गोल दाणा जागच्या जागी गरकन फिरतो, म्हणून उतारावर टिकत नाही. लांबट दाण्याला फिरायचं तर शेजाऱ्याला ढकलावं लागतं, आणि शेजारी ऐकत नाही. त्यात शेंगेची पाठ खरबरीत, कंबर खोल. शेराचं तोंड 12 सेंटिमीटर आहे. उतार 30 अंशांचा धरला तर शीग 130 मिलीची होते, 40 अंशांचा धरला तर 190 ची. आजीचं औदार्य असं दाण्याच्या आकारावर!

अर्थात शेंगांच्या शिगेत हवाच फार. म्हणून मला वाटायचं, दाणा गोल नसला की पोकळी वाढणारच. तसं नाही. एकसारख्या गोट्या डब्यात कशाही ओतून हलवल्या तर साधारण 64 टक्के जागा भरते. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी एम अँड एम नावाच्या, आपल्या जेम्ससारख्या चपट्या गोळ्या घेतल्या. 2004 साली छापून आलं: अशा आकाराच्या गोळ्या 68 ते 71 टक्के जागा भरतात. गोटी फिरली काय नि न फिरली काय, सारखीच. सरासरी सहा शेजारी टेकले की ती अडकते. चपटी गोळी कलंडूही शकते, तिला जखडायला दहाच्या आसपास लागतात. शेजारी वाढले की दाटीही वाढली. मात्र दाणा अगदी काडीसारखा लांबला की पोकळी पुन्हा वाढते.

आमची मालदांडी ज्वारी गोलच म्हणायची, पण किंचित चेपलेली.

एक सांगायचं राहिलं. उसनी ज्वारी परत घेताना आजी शेर दोनदा फरशीवर आपटायची, दाणे खाली बसले की मग शीग लावून घ्यायची. देताना तो कधी आपटलेला मला आठवत नाही.